तीस-तीसचं काडतूस

७ जानेवारी २००७, रविवार

पुन्हा तेच. आबा, इथं सिंगापुरात काडतूस मिळत नाही, मिळणार नाही, विचारायचंसुद्धा नाही, हे किती वेळा सांगायचं. तर म्हणतात, "तूच म्हणालास न्हवं, तिथं एक दुकान हाय, रात्रंदिवस उघडं, सुईपासनं सोन्यापर्यंत सगळं मिळतंय." म्हणालो होतो. चूक झाली. आता म्हाताऱ्या बापाच्या डोक्यात बसलंय की लिटिल इंडियातल्या त्या दुकानात साबणाच्या शेजारी आमच्या बंदुकीच्या तीस-तीस गोळ्यांची खोकी लावून ठेवल्यात आणि मीच कंटाळा करतोय.

दिवाळीपासून फोनवर हेच चाललंय. आई कशी आहे विचारलं की काडतूस. भात किती झालं विचारलं की काडतूस. बेळगावचा दुकानदार म्हणतो, ही गोळी आता येत नाही, छऱ्यांची बारा बोअर घ्या. आबा त्याला म्हणाले, बारा बोअर म्हणजे मूठभर हरभरे फेकायचे, त्यापेक्षा मी दगड मारतो.

फोन ठेवला तर खोलीतल्या शेजारच्या बंकवरचा सेल्वम उठून बसलेला. तो तमिळ, पण आधी दुबईला होता, हिंदी येते. "क्या गोली गोली करता है रे? इधर गोली का नाम नहीं लेने का. एक गोली जेब में मिला तो जेल. ऊपर से बेंत." वेताचे फटके कुठं मारतात ते त्यानं उलटा होऊन दाखवलं. खोलीतले सगळे हसले. मग कोणी हसेना.

१० जाने.

आंग मो किओ. जुन्या ब्लॉकला बाहेरून लिफ्ट लावायचं काम. खड्ड्यात उतरून सळ्या बांधायच्या. बोटं सोलली. ओ.टी., म्हणजे जादा काम, रात्री नऊपर्यंत.

१४ जाने., रवि.

संक्रांत. मेश्राम सरांनी तिळाच्या वड्यांची पुडी दिली. ते नागपूरचे, इंजिनियर, यिशुनला फ्लॅट. मागच्या पावसाळ्यात लिटिल इंडियात सेरंगून रोडला कांद्याच्या पोत्यापाशी मी फोनवर भावाला, विलासला, शिव्या देत होतो तेव्हा मागून आवाज आला, "कुठला रे बाबू तू?" म्हटलं, आजऱ्याकडचा. इथं माझ्यासारखा सळ्या बांधणारा मराठी माणूस मी अजून पाहिला नाही. ते म्हणतात त्यांनीही नाही. तेव्हापासून दर रविवारी भेटले की काहीतरी हातात ठेवतात. घरी ये म्हणतात. मी जात नाही. पायांना वास येतो.

१६ जाने.

झोप नाही म्हणून लिहितो.

तीस-तीस बंदूक आज्यानं घेतली, दोन म्हशी विकून. आजी म्हणे महिनाभर बोलली नाही. मग पहिलं भेकर आलं तेव्हा बोलली. पारधीला गावात नियम असा : ओरडून रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांना, कुत्र्यांना, घराघराला पळसाच्या पानावर वाटा, आणि एक वाटा बंदुकीचा. बंदुकीचा वाटा आमच्या दारात. लहानपणी मला वाटायचं बंदूक रात्री उठून खात असेल.

तिच्यात काय आहे ते मला माहीत आहे, उगीच नाही म्हणणार नाही. हलकी. करवंदीच्या जाळीतून वाकून जाताना कुठं अडकत नाही. खांद्याला धक्का दिला तर आईनं मारल्यासारखा, पोलिसानं मारल्यासारखा नाही. आमच्या रानात लांबचं दिसतच नाही, जे दिसतं ते हाकेवर. तेवढ्याला ती गोळी पुरते. भेकर जाग्यावर बसतं, रक्ताचा माग काढत दरीत उतरावं लागत नाही. मी बारा वर्षांचा असताना आबांनी हातात दिली. तेव्हा शाळा सुटली होतीच.

पण गोळ्या आज्याच्या वेळच्या. तांदळाच्या कणगीत ठेवतात, दमट लागू नये म्हणून. पितळ हिरवं पडलंय. आबा चिंचेनं घासतात.

२१ जाने., रवि.

विलासशी बोललो. धाकटा माझा. सैन्यभरतीची तयारी करतोय, रोज पहाटे घाट चढून पळतो. एप्रिलमध्ये कोल्हापूरला भरती. घरात तो एकच बारावी.

म्हणाला, "दादा, परवा बंदूक नुसती खट्ट झाली, बारच न्हाई. भेकर उभं राहून बघत हुतं. आबांनी परत ओढली, परत खट्ट. मग भेकरच कंटाळून गेलं." हसत होता. म्हणाला आबांच्या उजव्या डोळ्यात मोती पिकलाय, झाड की माणूस कळत नाही, आणि शिमग्याच्या पारधीला बंदूक घेऊन निघणारच म्हणतात.

मी म्हटलं, जाऊ देऊ नको. म्हणाला, "तू येऊन अडीव." मग मी म्हटलं, ऐकतच नसतील तर त्यांच्या हातात देऊ नको, तू धर.

आणि सांगितलं त्याला. खट्ट झाली की बंदूक खाली करायची नाही. तोंड रानाकडंच ठेवायचं. जुनी गोळी कधी उशिरा सुटते. हनुमंताचं नाव अकरा वेळा घ्यायचं, मग उघडायची. मी एकदा खाली केली होती तर आबांनी कानफाटात दिली होती. "व्हय व्हय, आबांनी मलाबी सांगितलंय." म्हणाला.

मागून पांड्यानं फोन ओढून घेतला. शेजारचा, माझ्याच वयाचा, हाकारा घालण्यात गावात एक नंबर. "काय रं सिंगापूरकर, गोरा झालास काय? का अजून तसलाच तवा?" म्हटलं, तवाच आहे. "मग कशाला गेलास एवढं लांब लेका, हितं काळं व्हायला ऊन कमी हाय व्हय?" त्याला दुसरी मुलगी झाली.

४ फेब्रु.

पाऊस. काम बंद. पाऊस पडला की बेसिक पगार पण अर्धा. दिवसभर बंकवर. सेल्वमनं डोक्याला तेल चोळून दिलं.

१९ फेब्रु., सोम.

चिनी नवं वर्ष, सुट्टी. शेवटी गेलो मेश्राम सरांकडे यिशुनला. पाय दोनदा धुतले. वहिनींनी वांग्याची भाजी, भाकरी. भाकरी बघून आधी पाणी प्यालो.

विषय निघाला. सर म्हणाले, बघू तरी ही तुझी तीस-तीस काय आहे. कॉम्प्युटरवर लिहिलं. केवढी पानं. सर वाचून मराठीत सांगत होते. अमेरिकेत शंभर वर्षांवर झाली ती गोळी निघून. तिच्यापेक्षा लांब जाणाऱ्या, जोरात जाणाऱ्या किती आल्या. तज्ज्ञ म्हणतात आता हिचं काम संपलं. तरी दर हंगामात लोक हिचीच खोकी घेतात. एकानं लिहिलेलं, माझ्या आजोबांची बंदूक आहे, मी दुसरी घेतली होती, दोन वर्षांत विकून परत हीच काढली. दुसऱ्यानं लिहिलेलं, झाडीत हरीण शंभर पावलांवर असतं, हजारावर नाही. सर म्हणाले, "अरे, हे तर सगळे तुझे आबाच आहेत." फोटोत नवीकोरी गोळी होती. चकचकीत. चपट्या नाकाची. मी बघत बसलो. खोक्याची किंमत बघितली तर तिकडं दुकानात साखरेसारखी मिळते.

सरांचा मुलगा मागं उभा होता, आठ-नऊ वर्षांचा, इथल्यासारखं वाक्याला 'लाह' लावून बोलणारा. "अंकल, डिअर सो क्यूट. व्हाय शूट लाह?" वहिनी म्हणाल्या, मराठीत विचार. तो गेला आत.

भूक हे उत्तर आज्याच्या वेळी खरं होतं. आता आमच्याकडं रेशन आहे.

सर दारात म्हणाले, "वडिलांना सांग जमा करून टाका ठाण्यात. गोळीतली जुनी दारू भरवशाची नसते." म्हटलं, सांगतो.

२५ फेब्रु.

सांगितलं. आबा म्हणाले, "तुझं लगीन लागल्यावर त्या साहेबाला आहेर पाठीव. बंदुकीचं आम्ही बघतो."

४ मार्च, रवि.

धुळवड. आज पारध. चार वेळा फोन लावला. वाजतो, उचलत नाहीत. रानात असतील.

रात्री पण नाही.

५ मार्च

विलासचा फोन साइटवर आला. खड्ड्यात होतो, वर येऊन घेतला. रडत होता, काही कळेना. मग कळलं. पांड्याला लागली. मांडीत. कोल्हापूरला नेलाय. जिवंत आहे.

फोरमननं ओरडून खाली पाठवलं. संध्याकाळपर्यंत सळ्या बांधल्या. कशा बांधल्या काय माहीत.

७ मार्च

विलासनं नीट सांगितलं आज. तसंच लिहितो.

आबांच्या हातातून बंदूक त्यानंच घेतली होती, मी सांगितलं तसं. भेकर समोर आलं. ओढली. खट्ट. बाजूच्या जाळीतनं पांड्या ओरडला, "बसली न्हाई, बसली न्हाई, सैनिकाची गोळी बसली न्हाई." सगळा हाकारा हसला. "आणि मलाबी हसू आलं दादा. हसत मी त्याच्याकडं वळलो. मी नाव घ्यायला सुरवातबी केली न्हवती." वळला तेव्हा सुटली.

पाय गुडघ्याच्या वरून काढला.

आबांनी रानातच सगळ्यांना उभं करून सांगितलं : पारध झाली नाही. मी अंगणात बंदूक पुसत होतो, पांडू समोर बसला होता, माझ्या हातून सुटली. विलास तिथं नव्हताच. गावानं मान डोलावली. पारध कळली तर फॉरेस्टवाले अख्ख्या गावाला धरतील. आणि विलासच्या नावावर केस लागली तर भरती संपली. ठाण्यात आबांनी तेच सांगितलं, अंगठा दिला. बंदूक जप्त.

हे सगळं टिकतं ते पांड्यावर. त्याला अजून पोलिसांनी विचारलं नाही. शुद्धीत आला की विचारतील.

८ मार्च

एक राहिलं. सकाळी रानडुक्कर मारलेलं होतं, आधीच्या हाकाऱ्यात. त्याच तीस-तीसनं. त्याचे वाटे झालेच गावात. बंदुकीचा वाटा आबांनी पांड्याच्या दारात ठेवायला लावला. सुमननं, त्याच्या बायकोनं, पान उचललं, रस्त्यावर नेऊन उलटं केलं आणि कुत्री खाईपर्यंत तिथंच उभी राहिली. कुणाशी बोलली नाही.

११ मार्च, रवि.

आबा जामिनावर सुटले. मी वाट बघत होतो की आता तरी चुकलं म्हणतील.

म्हणाले, "पोरगं सुखरूप हाय. पांडूचं वाईट झालं." मला वाटलं रडतायत. मग म्हणाले, "पण बघ, गोळी खोटी न्हवती. उशिरा का होईना, सुटली की. आज्याच्या वेळची गोळी."

मी फोन ठेवला. बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. सेल्वम आला, सिगरेट दिली.

मग मला आठवलं मी त्या दिवशी कॉम्प्युटरवर कसा बघत बसलो होतो. आबांना शिव्या कुठल्या तोंडानं द्यायच्या.

१४ मार्च

ओ.टी. दहापर्यंत. बरं वाटतं. खड्ड्यात काही दिसत नाही.

१८ मार्च, रवि.

पांड्याशी बोललो. विलासनं दवाखान्यात नेऊन दिला फोन. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"काय रं सिंगापूरकर."

पुढं तोच म्हणाला, "पोलीस येऊन गेलं. मी म्हटलं डोकं चालत न्हाई, नंतर या." मग म्हणाला, "मी नाव न्हाई घेणार. तुझा भाऊ म्हंजे... पण सुमन म्हणती घे. ती म्हणती, त्यांचं पोरगं पळणार आन् तू असा." शेवटी म्हणाला, "मी तिला काय सांगू तूच सांग."

म्हटलं, पांड्या, तुला जे खरं वाटतं ते कर. असं म्हणालो. म्हणताना मनात होतं, नको घेऊ.

तो म्हणाला, "हाकारा कोण घालतंय आता, सांग."

२१ मार्च

विलासचा फोन. भरतीला जाऊ का नको विचारतो. पहाटे पळायला निघाला की पांड्याच्या घरावरूनच वाट. सुमन सडा टाकत असते. बघत नाही. म्हणाला, "दादा मी जाऊन सांगू काय ठाण्यात, मीच म्हणून?"

मी म्हटलं, थांब. एवढंच म्हणालो. थांब म्हणजे काय ते मलाही माहीत नाही.

आबांनी मागून विचारलं म्हणे, जप्त झालेल्या बंदुकीला तेल कोण घालत असंल.

२५ मार्च, रवि.

मेश्राम सरांना सगळं सांगितलं, लिटिल इंडियात, पैसे पाठवायच्या दुकानाबाहेरच्या रांगेत. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे पैसे पायासाठी आहेत का तोंड बंद ठेवण्यासाठी?" मी म्हटलं, सर, पायासाठी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, खरं सांगू, मला नाही माहीत. ते म्हणाले, "सुमनला कळेल. बायकांना कळतं." आणि माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले, गेले नाहीत.

विलासनं विचारलं, सुमनवहिनीला काय सांगू, पैसे कशाचे? म्हटलं, काही सांगू नको. तिनं परत केले तर? म्हटलं, तिचे आहेत, तिला काय करायचं ते करू दे. उद्या पोलीस परत यायचेत पांड्याकडं.

या वर्षी गावी जायचं नाही. तिकिटाचे साठवलेले आणि वरचे उसने, सगळे मिळून, सुमनच्या नावावर : अकराशे डॉलर.