तळघरात सहकुटुंब

तीर्थस्वरूप ताईच्या पायांवर धाकट्याचं डोकं (पत्रातूनच, पण मनापासून टेकलेलं).

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींची तब्येत कशी आहे? हे पत्र त्यांना वाचून दाखवणार असशील तर आधी त्यांची रक्तदाबाची गोळी होऊ दे, आणि मधे थांबून त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस, सलग वाच. आम्ही इकडे देवाच्या दयेने ठीक आहोत. माझा डावा कान शनिवारपासून गुणगुणतो आहे. पण तो आनंदाने गुणगुणतो आहे असं मी धरून चाललोय.

तू फोनवर जे बजावलंस ते मला शब्दशः पाठ आहे, कारण तू ते तीनदा बजावलंस. चिरंजीवांचा हा शेवटचा कार्यक्रम. सभागृह भरलं तर पुढचं पुढे बघू. रिकामं राहिलं तर गाशा गुंडाळायचा आणि भाऊजींच्या रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. त्यानेही हे मान खाली घालून कबूल केलं होतं (मागच्या कार्यक्रमाला ऐकणाऱ्यांपेक्षा वाजवणारे जास्त होते, आणि वाजवणारे दोनच होते). वर तू मला म्हणालीस, तू त्याच गावात राहतोस, मामा आहेस, जरा त्याला ताळ्यावर आण. ताई, देवाशपथ सांगतो, मी त्याला ताळ्यावर आणायलाच घरातून निघालो होतो.

त्याच्या कंपनीचं नाव 'तळघर'. ती तिसऱ्या मजल्यावर आहे. कंपनी म्हणजे तुझा मुलगा आणि एक मुलगी. (तिचं नाव लिहीत नाही, कारण तू लगेच घराणं विचारशील. मी तिला मनातल्या मनात वायरवाली म्हणतो. तिच्या गळ्यात कायम कुठली तरी वायर असते.) खोलीच्या खिडकीला गादी टेकवलेली आणि भिंतींवर अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. एवढी अंडी कुठे गेली असं विचारलं, तर दोघांनी आपापल्या पोटाकडे बोट दाखवलं. यंत्रावर रचलेलं नाचाचं संगीत ते तयार करतात, दुसऱ्यांचंही घेतात, त्याच्या तबकड्या काढतात आणि स्वतःला 'स्वतंत्र' म्हणवतात. स्वतंत्र म्हणजे नेमकं काय, असं मी विचारलं. "म्हणजे आमच्या मागे कोणी नाही, मामा," चिरंजीव म्हणाले. पुढेही कोणी नव्हतं, पण ते मी बोललो नाही.

मी उपदेशाला सुरुवात करणार तेवढ्यात वायरवालीने माझ्या कानांवर ते मोठे गोल हेडफोन चढवले आणि ओरडली, "मामा, बेस!" मी म्हटलं, बसलोय की. मग कळलं की बेस म्हणजे संगीतातला खालचा, पोटात वाजणारा आवाज. तो वाजला. आधी वाटलं शेजारी कोणी खिळा ठोकतंय. मग वाटलं, खिळा ठोकणारा माणूस मोठा चिकाटीचा आहे. मग किती तरी वेळ तेच, तेच, तेच. आणि मला उगाचच जपाची आठवण झाली. ताई, आपणही रोज सकाळी एकच नाव पुन्हा पुन्हा घेतो. पहिल्या पाचपन्नास वेळा तर नुसती जीभ हलते, मन दूधवाल्याकडे असतं. मग कधी तरी मन हळूच येऊन शेजारी बसतं. इथेही तसंच झालं. (हे भाऊजींना वाचून दाखवताना गाळलंस तरी चालेल.) उपदेश राहिला तो राहिलाच.

खरी अडचण मला त्यानंतर दिसली. कार्यक्रमाची जाहिरात म्हणून चिरंजीवांनी जो मजकूर केला होता तो असा: "तळघर. शनिवार. या. नाहीतर नका येऊ." ताई, मी छापखान्यात मजकूर लिहिण्यात अर्धं आयुष्य घालवलं. लग्नं, उद्घाटनं, निधनवार्ता, दुकानांची स्थलांतरं, सगळं या हातून गेलं. पण 'नका येऊ' असं छापून लोकांना बोलावणारा माणूस मी पाहिला नव्हता. लोक फार आज्ञाधारक असतात, ते येत नाहीत. मी म्हटलं, आण इकडे, मी लिहितो.

मग मी रीतसर लिहिलं. वर 'नवीन प्रकाशने', खाली 'आगामी कार्यक्रम'. तिन्ही नव्या तबकड्या आधी नीट ऐकल्या, कारण न ऐकता स्तुती करणं हे खोटं बोलणंच. पहिलीबद्दल लिहिलं: "सुरुवातीची सहा मिनिटे धीर धरावा. सातव्या मिनिटाला धीराचे फळ मिळते." दुसरीबद्दल: "या रचनेत शब्द एकच आहे, 'अजून'. तो पुरतो." तिसरी एका पाव भाजणाऱ्या पोराने भट्टीच्या आवाजांतून केली आहे, तिच्याबद्दल लिहिलं: "शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तरच घरी लावावी, अन्यथा शनिवारी येऊन ऐकावी." छापखान्याच्या मालकांकडे एका मोडलेल्या लग्नाचा सोनेरी काठाचा कागद पडून होता, तो त्यांनी देऊन टाकला (अपशकुनी म्हणून त्याला कोणी हात लावत नव्हतं). त्यावर छापून मी स्वतः घरोघरी वाटलं. सोनेरी काठाचा कागद कोणी फेकत नाही, ताई. फ्रिजवर लावतात.

सगळं वाटून झाल्यावर एक प्रत चिरंजीवांच्या हातात दिली. तो वाचत गेला, हसत गेला, आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"मामा, हे काय लिहिलंयस?"

"काय?"

"आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी."

मी कागद हातात घेतला. होतं खरं. मजकूर माझाच. ताई, मी ते लिहिलं नाही, हाताने लिहिलं. निमंत्रणाच्या शेवटी हात आला की तो आपोआप ती ओळ लिहितो. घरी जाताना बैल कुठे मालकाला रस्ता विचारतो? वायरवाली हसता हसता जमिनीवर बसली. चिरंजीव मात्र हसले नाहीत. "नाचायला कोण आजीला घेऊन येतं, मामा? जे चार जण यायचे तेही आता लाजून येणार नाहीत. आईला सांग, दुकानाची किल्ली करून ठेव." असं म्हणून तो गादी लावलेल्या खिडकीतून बाहेर बघत बसला, म्हणजे गादीकडेच.

त्या दिवशी देवापुढे उभा राहिलो तर काय मागावं तेच सुचेना. सभागृह भरू दे म्हणावं तर तुझी नाराजी. रिकामं राहू दे म्हणावं तर पोराचा तो चेहरा. शेवटी हात जोडले आणि म्हटलं, माझा मजकूर चुकलाय, पुढचा तुम्ही लिहा.

त्यांनी लिहिला! सभागृह म्हणजे बॅडमिंटनचा हॉल, रात्री नऊला बंद. तिथला रखवालदार मोठा शिस्तीचा माणूस. लाकडी जमिनीवर चप्पल-बूट चालणार नाहीत, मग नाचणारा राजा असो की रंक. त्यामुळे साडेपाचलाच दारात पादत्राणांचा ढीग लागायला सुरुवात झाली. आणि तुला माहीत आहे, दाराबाहेर पादत्राणांचा ढीग दिसला की आत काही तरी पवित्र चाललंय असं वाटून रस्त्यावरचा माणूससुद्धा आपली काढतो. माझी पत्रिका मिळालेले तर आलेच. आजोबा आले, आज्या आल्या, कडेवरची पोरं आली, शिंप्याचं अख्खं घर आलं, दंतवैद्य सासूला घेऊन आला. एक बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मुलाकडचे का तुम्ही?" मी म्हटलं, हो, मामा. त्या म्हणाल्या, "मग जेवायला कधी बसवताय?" आणि ती तरुण मंडळी, जी लाजून येणार नव्हती, ती आईवडिलांना ओढून घेऊन आली, त्यांना वाटलं ही काही तरी नवी फॅशन आहे.

संगीत सुरू झालं तशी सगळी मंडळी भिंतींना चिकटून उभी राहिली. मधला हॉल मोकळा. त्या मोकळ्या जागेतून एक वयस्कर गृहस्थ (तोंडावरून निवृत्त मुख्याध्यापक) काठी टेकत थेट चिरंजीवांच्या टेबलाकडे निघाले. मला वाटलं, झालं, संपलं. चिरंजीवांनीही आवाज कमी करायला हात पुढे केलेला मी पाहिला. गृहस्थ म्हणाले, "अहो, मागे ऐकू येत नाही. वाढवा."

त्याने वाढवलं. सहा मिनिटं धीर धरावा असं मी छापलंच होतं, त्यामुळे लोक घड्याळं बघून धीर धरत होते. सातव्या मिनिटाला फळ मिळालं आणि दंतवैद्याच्या सासूबाईंनी पहिला पाय उचलला. ताई, त्यानंतर कोण कुणाचं कोण, हे काही राहिलं नाही. कडेवरची पोरं खांद्यावर गेली. पाव भाजणाऱ्या पोराची तबकडी लागली तेव्हा त्याची आई माझ्या शेजारीच होती. "खोलीची कडी लावून हे करत होतास होय रे? मी मेली काय काय नवस बोलले!" असं म्हणत तिने गर्दीतून जाऊन भर नाचात त्याचा कान धरला, आणि कान न सोडताच नाचायला लागली. मी नाचलो नाही. मी जागच्या जागी उभा होतो. पाय आपोआप नाचले, एवढंच.

शेवटी रखवालदाराने दारं लावून घेतली, कारण आत माणूस मावेना. तबकड्या सगळ्या संपल्या (घरी वाजवायचं यंत्र नसलेल्यांनीही घेतल्या, सोनेरी कागदात गुंडाळून द्या म्हणाले). नऊ वाजता दिवे लागले तेव्हा तुझा मुलगा टेबलामागे दोन्ही हात लोंबकळत सोडून उभा होता, आणि समोर भरलेल्या सभागृहाकडे बघत होता. ताई, तुझी अट पुरी झाली. ती तू घातली होतीस आणि तू शब्दाची पक्की आहेस, म्हणून आता किल्लीचा विषय काढू नकोस, एवढीच विनंती.

भाऊजींना साष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुझा आज्ञाधारक (एरवी),
धाकटा

ता. क. चिरंजीव आता सगळ्यांना सांगत फिरतात की 'सहकुटुंब' ही मामाची मुद्दाम केलेली युक्ती होती. मी नाही म्हटलेलं नाही. तूही म्हणू नकोस.

ता. क. २. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाची पत्रिका छापून, वाटूनही झाली. या वेळी हाताचा दोष नाही, ही मी पूर्ण शुद्धीत केलेली गोष्ट आहे: कार्यक्रम मुलाचा, तेव्हा निमंत्रक म्हणून आईवडिलांचं नाव घालायचं असतं, ते मी घातलं. तुझं वर, भाऊजींचं खाली. सगळं गाव तुम्हाला दारात शोधणार, म्हणून आदल्या दिवशीच्या गाडीने दोघेही निघा. यासाठीच हे एवढं लांबलचक पत्र.

ता. क. ३. भाऊजींच्या नावापुढे मी 'स्वागतोत्सुक' असं छापलं आहे. त्यांच्या चेहऱ्याचं काय करायचं ते तू बघ.