जेठ्या नाईकाचा खांब

कळसाडी,
माघ शुद्ध ९, शके १८६०

चिरंजीव इंद्रसिंग भाऊजी यांस कमलबाईचे मनापासून आशीर्वाद. इकडे घरात सगळं ठीक आहे, तुम्ही आणि फुलीबाई धुळ्यात सुखरूप असाल असं धरून चालते. फुलीबाईला सहावा लागला ना? तिला म्हणावं, त्या माडीच्या जिन्यावरून घागरी घेऊन चढू नकोस. वकिलाच्या घरी पाणी भरायला माणूस ठेवतात, एवढं मलाही ठाऊक आहे.

कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. लाल गाय व्याली, कालवड झाली. चीक धुळ्यापर्यंत टिकला असता तर पाठवला असता. तुम्हांला तो गूळ जास्त घातलेलाच आवडतो, म्हणून तुमच्या नावानं आम्हीच खाल्ला.

तुमचं पत्र सोमवारी पोचलं. ह्यांनी ते ओट्यावर उभ्यानंच वाचलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तूच उत्तर लिही." मग पायांत जोडा न घालता नदीकडे गेले. म्हणून हे माझं अक्षर. तुम्हीच शिकवलेलं आहे, तेव्हा हसायचा हक्क तुम्हांला नाही.

तुम्ही लिहिता की नवे अध्यक्ष राजीनामा देऊन सुरतेला मुलाकडे चालले, तालुका लोकल बोर्डाच्या अध्यक्षाची निवड चैत्रात पुन्हा होणार, आणि दादांनी उभं राहिलंच पाहिजे. मागच्या भाद्रपदात एका मतानं हुकलं, ह्या वेळी चार मेंबर आपणहून येतायत, हातातोंडाशी आलेला घास सोडू नका. सगळं खरं असेल. खोटं कशाला सांगू, मलाही फार हौस होती. बायका मला अध्यक्षीणबाई म्हणणार म्हणून मी मनातल्या मनात नथ सुद्धा काढून पुसून ठेवली होती. आणि हे काम चांगलं करतील याबद्दल मला शंका नाही. डोंगरपट्टीतल्या विहिरींसाठी बोर्डात भांडणारा दुसरा कोण आहे?

पण हे कसे आहेत ते तुम्हांला कोणी कळवत नाही, म्हणून मी कळवते.

रोज दुपारी जेवण झालं की ते गोमाई नदीच्या उतारावर जातात, जिथून लोक पाण्यातून पलीकडे जातात तिथं. आता पाणी ते केवढं, पोटरीला लागेल न लागेल. त्यात काठी धरून मधोमध उभे राहतात आणि पलीकडच्या काठाकडे एकटक बघतात. गावातले लोक आधी रामराम करायचे, आता वळसा घालून जातात. घरी येतात तेव्हा मी धोतर बदलायला सांगते. ते म्हणतात, "असू दे, ओलंच बरं वाटतं." मला भीती वाटते, भाऊजी. सरळ सांगते, मला माझ्या नवऱ्याची भीती वाटते.

जेठ्या नाईकाचं नाव आमच्या घरात कोणी काढत नाही. तुम्हीही पत्रात काढलं नाहीत, नुसतं "मागच्या वेळचा दुर्दैवी प्रकार" असं लिहिलंत. तो डोंगरपट्टीचा मेंबर होता. बोर्डात ह्यांच्याशिवाय कोणाला मत देणार नाही असं सांगायचा, आणि अध्यक्ष निवडायच्या दिवशी पुरात नदी उतरताना वाहून गेला. त्याचं मत पडलं असतं तर बरोबरी होऊन चिठ्ठी टाकावी लागली असती. हे तुम्हांला माहीत आहे. पुढचं सगळं माहीत नाही.

हे त्याच्या गावाला समाचाराला गेले, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी विचारलं, आमचा नाईक गेला तो गेला, पण तुम्ही अध्यक्ष झालात ना? ह्यांनी मान हलवली. एवढंच केलं, भाऊजी. नुसती मान हलवली. एवढा मोठा माणूस फुकट गेला हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं, असं मला म्हणाले. तेव्हापासून त्या डोंगरात तुमचे दादा अध्यक्ष आहेत. पौषात जेठ्याचा भाऊ होळ्या खाली आला. जेठ्याच्या नावाचा सागाचा खांब कोरायला घेतलाय म्हणाला. अपघातानं गेलेल्या माणसाचा असा खांब शेताच्या बांधावर उभा करतात, तोवर तो वाडवडिलांत जाऊन बसत नाही, घराभोवती फिरत राहतो. खांबावर घोडा असतो, घोड्यावर तो माणूस. होळ्याला त्याखाली अध्यक्षाची खुर्ची कोरायची होती, आणि अध्यक्षाची खुर्ची कशी असते ते त्यानं पाहिलेलं नव्हतं. ह्यांनी कोळसा घेऊन ओट्यावर खुर्ची काढून दाखवली. हात, पाठ, पाय, सगळं. मी दारात उभी होते. पुसून टाकायची माझी छाती झाली नाही, तीन-चार दिवस सगळे त्या खुर्चीला पाय न लावता आत-बाहेर करत होते.

खांब उभा करतात तेव्हा बडव्याच्या अंगात तो गेलेला माणूस येतो. बडवा म्हणजे त्यांचा भगत. तो माणूस आधी विचारतो, ज्या कामाला मी निघालो होतो ते झालं का? त्याला खोटं सांगून चालत नाही. खोटं सांगितलं तर तो खांबात राहत नाही, सांगणाऱ्याच्या मागोमाग त्याच्या घरी येतो.

म्हणून ह्यांनी निरोप धाडला होता की खांब चैत्रापर्यंत थांबवा. खांबाचं एवढं त्यांनी तुम्हांला कळवलं होतं, आणि तुम्हीही तेच लिहिलंत ना? "निवड होऊ द्या, मग ताठ मानेनं वर जा." वाचून मला तुमचा राग आला. एका मेलेल्या माणसाला आपण दोघांनी, तिघांनी, बोर्डाच्या तारखेसाठी दाराबाहेर उभं करून ठेवलंय.

काल सोमीबाई आली. जेठ्याची बायको. एकटी, चालत, शहाद्याचा बाजारसुद्धा न करता सरळ आपल्या दारात. मी पाणी दिलं, ते तिनं खाली ठेवलं. म्हणाली,

"बाई, तुन्हा माणूस उभा ऱ्हावो का नही ऱ्हावो, माले त्यानं काही नही. पन मन्हा माणूसले का थांबाडी ठेयेल शे?"

मी चाचरत म्हटलं, चैत्रात निवड आहे, तेवढी झाली की...

"नवलभाऊ हारना ते माले पहिलाच बाजारले समजनं," ती ह्यांच्याबद्दल म्हणाली. "मी कोणले सांगं नही. म्हातारा लोकस्ले बरं वाटे. पन तो घरम्हा येस नही, बाहेर जास नही. पोरं जेवाले बठनात का मी त्यानी भाकर बी काढस. आते पुरं व्हयनं. पुनीले खांब उभा कराना शे."

हे आत होते. बाहेर आले, तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी ह्यांना कधी कोणासमोर असं बसलेलं पाहिलं नाही. म्हणाले, "सोमीबाई, मी हारनू."

भाद्रपदापासून हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाले. ती म्हणाली, "माहीत शे." आणि मग तिनं पाणी प्यायलं. मला वाटलं, सुटलो. ह्यांचा चेहरासुद्धा सैल पडला होता. आता खांब पौर्णिमेला उभा राहील, तिथं जाऊन हे खरं सांगतील, आणि पुढं चैत्रात उभं राहायचं की नाही ते शांतपणे ठरवतील. मी तर म्हणेन, मग खुशाल उभं राहावं, फेटा मी बांधून देईन.

पण सोमीबाई उठली नाही. खांबापाशी जेठ्या आणखी काय विचारेल ते तिनं सांगितलं, "तो अजून एक पुसी. काठवरथून हाक कोणी मारी?"

त्या दिवशी होळ्या जेठ्याबरोबर होता. पाणी पाहून दोघं पलीकडे थांबले होते, परत फिरायचं म्हणत होते. इकडच्या काठावरून कोणीतरी ओरडलं, "उतर नाईक, पानी कमरलगून शे!" जेठ्या उतरला. हे सगळं पोलीसपाटलाकडे लिहून झालेलं आहे, आणि हाक मी मारली असं तुमच्या दादांनी तेव्हाच सांगितलेलं आहे.

कालही तेच सांगितलं. "हाक मीच मारी."

सोमीबाई त्यांच्याकडे बघत राहिली. "होळ्यानी आयकेल आवाज तुन्हा नव्हता, भाऊ. तू मन्हा आंगणमा बठेल शे, तुन्हा आवाज मी वळखस." ह्यांनी तिचं रिकामं भांडं उचलून बाजूला ठेवलं. तेव्हा ती म्हणाली, "बरं. पुनीले त्याले सांग मंग."

भाऊजी, नदीवर ती हाक गेली त्या वेळी तुमचे दादा माझ्यासमोर पाटावर बसून जेवत होते. मी वाढत होते. नदीवर नाईकाची वाट पाहायला तुम्ही गेला होतात. परत आलात तेव्हा तुमचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं, ते मीच पिळून वाळत घातलं, आणि तुम्ही म्हणालात, "नाईक दिसला नाही." संध्याकाळी बातमी आली तेव्हा दादांनी तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही खाली पाहिलंत. तुमची वकिलीची सनद नुकतीच झाली होती. त्यांनी मला आजवर एका अक्षरानं काही सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. पाणी खरंच कमरेएवढं आहे असंच तुम्हांला वाटलं असेल. मी ते मानते. तुमच्या हातून हे मुद्दाम होणार नाही, तुम्ही शेंबडे होतात तेव्हापासून मी तुम्हांला ओळखते.

आज पहाटे हे सोमीबाईबरोबर वर गेले. खांबाचा खड्डा त्यांनी खणायचा आहे. जाताना मी विचारलं, "इंद्रसिंगला काय लिहू?" म्हणाले, "लिही, उभं राहायचं ते पौर्णिमेनंतर बघू." मी विचारलं, "आणि तिथं काय सांगणार?" त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "इंद्रसिंगच आता माझा एकुलता एक भाऊ आहे, कमल." त्यांनी माझं नाव घेतलं, भाऊजी. वीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं.

पौर्णिमेला बडव्याच्या अंगात जेठ्या येईल आणि विचारेल. तुमचे दादा तुमच्या वाटचं खोटं त्याला सांगतील, आणि मग जेठ्याला मागं घेऊन माझ्या घरी येतील. त्यानंतर अध्यक्ष झाले काय आणि न झाले काय, मी दोघांनाही वाढणार आहे.

हे पत्र पोचेल तेव्हा पौर्णिमेला अजून वेळ असेल. सोमवारच्या पत्रासारखं मोठं उत्तर लिहू नका. फुलीबाईला काय सांगायचं ते सांगा, आणि या. वरची वाट होळ्या दाखवील. तो तुमचा आवाज ओळखेल.

तुमच्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
आणि अजून कोणाला काही न बोललेली,
तुमची वहिनी
कमल