सर, लूप लोखंडाचा निघाला

प्रिय सर,

उद्या विभागात तुमची स्मृतिसभा आहे. तिथे मला आपल्या शेवटच्या कामाबद्दल बोलायचंय. जे बोलायचंय ते आधी तुमच्या कानावर घालते, नाहीतर तुम्ही रुसाल. रुसायचात की! मुळीच नाही म्हणू नका.

सर, आपला लूप खोटा होता.

बसा जरा. मी पण बसते.

माझ्या आईला पटवायला तुम्ही दिवा स्टेशनजवळच्या आमच्या घरी आला होतात, आठवतं? कोबाल्ट सायनाइडवर पीएचडी, एवढंच तिने ऐकलं होतं. "तुम्ही शिकलेले आहात हो सर, पण सायनाइड ते सायनाइडच ना? पोरीचं लग्न व्हायचंय अजून!" तुम्ही तिच्याच वहीवर चौकटींचा सांगाडा काढलात. कोपऱ्यांवर कोबाल्ट, मधल्या दांड्या सायनाइडच्या. "ताई, कोबाल्टने याला असं घट्ट धरलंय की ते सुटून कुणाला चावणार नाही." मग सांगाड्यातल्या रिकाम्या खोल्या दाखवल्यात आणि म्हणालात, "या खोल्यांत भरपूर पाणी असतं बघा. तुमच्या दिव्यासारखी टंचाई नाही!" आई इतकी हसली की चहात साखर घालायची राहिली. तुम्ही तो तसाच प्यायलात.

दोन रंगांची द्रावणं एकत्र केली की खाली बसणारा तो गुलाबी गाळ! तापवून पाणी घालवलं की निळा व्हायचा. झाकण जरा उघडं राहिलं की आपल्या दमट हवेत पुन्हा गुलाबी. "ठाण्याची हवा मानवते हिला," म्हणायचात. तुम्हाला वाटायचं की पाणी पुरतं निघालं, तर एका कोबाल्टचं चुंबकत्व सायनाइडवरून दुसऱ्यापर्यंत पोचेल आणि पावडर साध्या खोलीच्या तापमानाला चुंबक होईल. सगळं आयुष्य त्या एका 'तर'मध्ये घातलंत तुम्ही. कंटाळा कसा नाही आला हो?

आणि मग तो आलेख आला. चुंबक काढून घेतल्यावर रेघ आल्या वाटेने परत गेली नव्हती, मधे फट होती. लूप! म्हणजे पावडरने चुंबकत्व धरून ठेवलं होतं. तुम्ही प्रिंट हातात घेऊन विभागभर फिरलात, स्वतः पेढे वाटलेत. त्यानंतर महिनाही झाला नाही आणि एका सकाळी तुमच्या घरून काकूंचा फोन आला, तुम्ही गेलात म्हणून. मिळेल ती लोकल पकडून मी डोंबिवलीला आले.

पेपर पाठवण्याआधी नमुना पुन्हा बनवून बघायचा, हा तुमचाच नियम. म्हणून केला. रंग तोच, क्ष-किरणांत रचना तीच. लूप नाही. परत केला, तरी नाही. मशीनवर चिडले, स्वतःवर चिडले, तुमच्यावर तर फारच चिडले. असं अर्धं सोडून जातं का कुणी?

मग तो दिवस आठवला. मी खाली कुरियरचा खोका आणायला गेले होते. परत आले तर तुम्ही गाळणीच्या काचेच्या जाळीला चिकटलेली पावडर खरवडून काढली होतीत. "एक कण वाया नाही घालवला, बघ!" तुमच्या हातात स्टीलचा स्पॅचुला होता, तो चपटा चमचा. तेव्हा मला फक्त तुमचा चेहरा दिसला होता.

सर! दारावर पाटी कुणी लावली होती? चुंबकत्वाच्या नमुन्याला स्टील लावायचं नाही, प्लास्टिकच वापरायचं. खोलीच्या तापमानाला लूप दिसला तर आधी लोखंड शोधा, हे आम्हाला कोण ओरडून सांगायचं?

खात्री करायला मी चांगली पावडर घेतली आणि मुद्दाम स्टीलने जाळीवर खरवडली, म्हणजे काचेवर घासून स्टीलचे कण तिच्यात उतरतील. लूप आला. हुबेहूब तुमचाच. क्षणभर इतका आनंद झाला, जणू तुम्ही दारात उभे आहात. मग टेबलावर डोकं ठेवून रडले.

काकूंना सांगायला घरी गेले. तो आलेख त्यांनी फ्रेम करून लावलाय. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तू तुझ्या सभेत खरं काय ते सांग. पण फ्रेम मी काढणार नाही. त्या दिवशी ते घरात गाणं म्हणत फिरत होते गं, कितीतरी वर्षांनी. भिंत माझी आहे."

विभागप्रमुख मॅडमनी आज एक सोपी वाट सुचवली. "असं सांग ना, सरांना शंका आली होती, त्यांनीच तुला परत करायला लावलं. कुणाचं काय जातं? माणसाचं नाव राहील." वाईट हेतू नव्हता, डोळे भरले होते त्यांचे. आणि खरं सांगू? मला मोह झाला. येतानाच्या रिक्षात ते वाक्य मी पाठसुद्धा केलं. किती छान वाटत होतं! पण मग वाटलं, त्या वाक्यातले सर माझे नाहीत. ते दुसरेच कुणी, कधीच न चुकणारे. त्यांना मी ओळखत नाही.

तेव्हा कबूल करते, सर. उद्या दोन्ही आलेख दाखवीन. लोखंड कुठून आलं तेही सांगेन. पेपरवर तुमचं नाव राहील, कारण रचनेचं सगळं काम खरं आहे आणि तुमचं आहे. कुणीतरी विचारेलच, सरांना शंका आली होती का? तेव्हा मी हेच सांगेन: नाही. सरांना शंका आली नव्हती. सर फार खूश होते.

अजूनही तुमच्या ओरड्याची वाट बघणारी,
स्नेहल