दुधाचा अँगल आणि मागचा ब्रेक

३ मार्च, सोमवार
मागच्या ब्रेकचे लायनर बदलायचे तर चाक काढावं लागतं. चाकाच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन ठेवायचा लोखंडी अँगल आहे, चेसीला वेल्डिंग केलेला. मग चाक निघणार कसं? मला सांगता येत नाही. पण मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आहे, घरात पहिलीच. निघेल उत्तर.

मोटरसायकल बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची. हिच्यावर त्यांनी गावचं दूध केजला घातलं आणि मला शिकवलं. दिवाळीनंतर ते झोपेतच गेले. मी रडले नाही. कामं होती.

सतरा तारखेपासून केजच्या माती परीक्षण लॅबमध्ये नोकरी. लॅब सुटायच्या आधीच गावाकडची शेवटची जीप निघते, म्हणून गाडी पाहिजेच. आणि ब्रेकचं पेडल पार खाली जातं. रॉडचा नट होता तेवढा आवळून संपला.

संकल्प : काम स्वतः करायचं. अँगल कापायचा नाही. यात भावनेचा संबंध नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे.

५ मार्च
व्हिडिओ पाहिला. त्यातल्या गाडीला अँगलच नाही. असे लोक दुसऱ्यांना शिकवतात.

बापूंच्या चपला घालून कामाला बसले. उजवीचा तळ झिजून कागदासारखा झालाय, डावी चांगली आहे. त्यांची चालायची ढब तशी असावी. एक्सलचा बोल्ट अर्धा बाहेर आला आणि अँगलच्या पट्टीला टेकला. अर्धं काम झालं म्हणायला हरकत नाही.

आईने विचारलं, मग अर्धं चाक निघालं का.

६ मार्च
बिभीषणकाका आले. बापूंचे धाकटे भाऊ. म्हणाले, पने, तू लई शिकली, आता गाडी मला दे. अँगल तयारच हाय, सोमवारपासून दूध घालतो. लॅबला जायचं तर जा की जीपनं, काटे टोचतेत का?

मी त्यांना स्त्रीच्या स्वातंत्र्यात स्वतःच्या वाहनाचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. चहा संपवून विचारलं, चावी कुठं हाय.

आई म्हणाली, रविवारी या भाऊजी, ती दुरुस्त करायलीय, झाली तर तिची.

म्हणजे आईचा माझ्यावर विश्वास आहे. काका मात्र जाताना हसले.

७ मार्च, दुपार
बोल्ट वाकडा करून काढता येईल का, यावर विचार. आकृती काढली. आकृतीत निघतो.

८ मार्च, शनिवार
पट्टीच्या आतून हात घालून पान्हा लावला. हात आत गेला, बाहेर येईना. आईने गोडेतेल ओतलं. मग म्हणाली, आज अशीच बसणार असशील तर भाकर इथंच आणते. आणली. डाव्या हाताने खाल्ली. नंतर हात सुटला. याला अपयश म्हणता येणार नाही. फट किती आहे ते समजलं.

संध्याकाळी अजिनाथ वेल्डरला बोलावलं. अँगल त्यानेच बसवलेला. न कापता कसा निघेल, असं विचारलं. म्हणाला, ताई, ते काढायसाठी लावलंच न्हाई. बापूच म्हनले, असं लाव बे, मी मेलो तरी हालू नये.

मी बरं म्हणाले. तो गेला.

उद्या नवीन पद्धत शोधायची.

९ मार्च, रविवार, रात्री
चाक निघालं. आत लायनर नव्हतेच म्हणायचे, नुसतं लोखंड राहिलेलं. आणि आंबलेल्या दुधाचा वास. माझ्या शाळेच्या दप्तराला यायचा तोच.

मी म्हणाले, बापू एवढे दिवस ब्रेक कसा मारायचे? आई म्हणाली, पाय घासत थांबायचे. लायनर घ्या म्हटलं की म्हणायचे, पोरीची परीक्षा होऊ दे.

बापूंच्या चपला मी काढून दारात होत्या तिथेच ठेवल्या.

नवे लायनर मीच बसवले. स्प्रिंग दोनदा उडून शेजारच्या गोठ्यात गेली, तिसऱ्यांदा अजिनाथने बसवली. ब्रेक लागतो. जरा जास्तच लागतो, चाक फिरत नाही. नट ढिला करायचा आहे.

सकाळी दहा वाजता काका आले. गाडीकडे बघत राहिले. म्हणाले, आता ही माझ्या काय कामाची? तरी चहा घेतला.

अँगलचे दोन तुकडे आईने मोरीत नेले. त्यात पाण्याचे हंडे ठेवले. बरोबर बसले.

नवीन पद्धत काही सापडली नव्हती. पहाटे उठून अजिनाथला घरी बोलावून आणलं आणि काका यायच्या आत अँगल कापून घेतला. ठिणग्या उडत होत्या तेव्हा मला काही वाटलं नाही. आईने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.