दीड हात ऊन

बदलापूर गाव,
१८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप विठाताईस,
शिवरामचा साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं बरे आहोत. वृंदाचे गुडघे थंडीने कुरकुरतात, माझा खोकला आहे तसाच आहे. तुझं भात झोडून झालं असेल. भाऊबीजेला आणलेले हातसडीचे तांदूळ अजून पुरवून पुरवून खातोय. तुमच्या बारवी धरणाकडे थंडी जास्त असणार, पायात मोजे घालत जा. नुसती हसू नकोस, घाल.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझी सून तिच्या मनाने सांगते, म्हणून लिहायला बसलो. हे पत्र तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच. सातवी झालेली बाई तू, पत्र वाचायला दुसरी कशाला लागते?

विषय आपल्या भावजयीचा, किर्तीचा आहे. आपल्या धाकट्या रघूला जाऊन तीन वर्षं झाली. तेराव्यानंतर तिच्या-माझ्यात बोलणं नाही हे तुला ठाऊकच आहे, त्याचं कारण आता उगाळत नाही. जे असेल ते ती वृंदाला सांगते आणि वृंदा मला. ठीक चाललं होतं. पण दिवाळीत तिने उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पातल्या बाजारातून ते सोलरचे दिवे आणले. तू पाहिलेस ना? वीतभर उंचीचे, खाली अणकुचीदार खुंटी, वर रुपयाएवढी काच. दिवसा उन्हात तापायचे आणि संध्याकाळी आपोआप लागायचे. चांगले बारा आहेत. एक रघूच्या चाफ्याखाली, दोन कर्दळीत, बाकीचे वाटेच्या कडेने. तू म्हणालीस, "क गोड दिसतान!"

ताई, ते दिवे सरकतात.

हसू नकोस. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होतो मी. कोण सात मिनिटं उशिरा आला आणि कोणी दुसऱ्याचं कार्ड पंच केलं, हे मला त्याच्या चालीवरून कळायचं. माझी नजर फसत नाही. दिवाळीत हे दिवे तिच्या ओट्यापासून पाच पावलांवर होते. पुढच्या रविवारी सात पावलं. परवा मोजले तर नऊ. दर रविवारी ती अंगणात उकिडवी बसते, एकेक दिवा उपटते आणि आमच्या बाजूला आणून खोचते. आधी दिवे येतील, मग दिव्यांच्या कडेने कुंड्या येतील, मग कुंड्यांच्या कडेने विटा. जागा अशीच जाते. शेतात बांध कोरतात तसं हे अंगण कोरणं चाललंय.

तिच्या-आमच्या अंगणांमध्ये कुंपण नाही, तेच अडचणीचं झालंय. २००५ च्या सव्वीस जुलैच्या पुरात ते वाहून गेलं ते गेलंच. पुढे रस्त्याकडे हद्दीचा दगड आणि मागे फणस, एवढीच खूण. दगडही पुरानंतर मीच सरळ करून बसवला होता. तेव्हा रघू दवाखान्यात होता, तुझ्या लक्षात असेल.

मी मोजणीचा अर्ज लिहून ठेवलाय. एकदा सरकारी माणूस साखळी घेऊन आला की बाईसाहेबांचे दिवे जागच्या जागी राहतील. तुझी मदत एवढीच हवी, की आबांनी वाटणी केली तेव्हा तू हजर होतीस, तर चार लोकांत सांग की हद्द आबांनीच ठरवली होती. मोठ्या बहिणीचा शब्द कोणी मोडत नाही.

तब्येत सांभाळ. उत्तर लगेच लिही.

तुझा भाऊ,
शिवराम


बदलापूर गाव,
९ डिसेंबर २०२५

तीर्थरूप ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ लिहिलीस: "दगडाखाली आबांनी कोलसा पुरलाय ना, मंग मोजणी कशाला, उकरून बघ." बरं-वाईट काही विचारलं नाहीस, आशीर्वाद नाही. रागावलीस का माझ्यावर?

कोळशाचं माझ्या लक्षात आहे. विसरेन कसा? मी आणि रघू खड्ड्यापाशी उभे होतो, तू घमेल्यातून कोळसा ओतलास आणि आबा म्हणाले, लाकूड कुजतं, दगड कोणीही उचलतो, कोळसा शंभर वर्षं तसाच राहतो, कधी शंका आली तर खणा आणि बघा. पण ताई, त्याला पन्नास वर्षं झाली. एवढा पूर येऊन गेला. कोळसा कुठल्या कुठे गेला असेल. आता या वयात कुदळ घेऊन अंगण खणत बसलो तर शेजारच्या टॉवरमधले लोक गॅलरीत उभे राहून मजा बघतील. तेव्हा कोळशाचा विषय राहू दे. किर्तीकडे तर मुळीच काढू नकोस. तिला या गोष्टीची काही कल्पना नाही, आपल्याकडून कशाला द्यायची?

मोजणीचा अर्जही तूर्तास ठेवून दिलाय. कचेरीत फार हेलपाटे असतात म्हणे.

दिवे मात्र बारा पावलांवर आलेत. आणि नवीन ऐक. गेल्या दोन रविवारी ती बरोबर भर दुपारी चुन्याची डबी घेऊन बाहेर येते आणि जमिनीवर रेघ मारते! वाकडीतिकडी नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. मी खिडकीआडून पाहत होतो. रेघ मारली, कमरेवर हात ठेवून टॉवरकडे पाहिलं, मग आमच्या घराकडे पाहिलं. हे कोणीतरी शिकवलेलं आहे. टॉवरचा वॉचमन तिच्याशी बोलताना दिसतो. त्याला मी सहज विचारलं, तर म्हणतो, "चाचा, वो तो छाँव का टाइम पूछती है." सावलीची वेळ कोण विचारतं, सांग मला! माणसाने खोटं बोलावं, पण थोडं पटेल असं तरी बोलावं.

वृंदाला म्हटलं, तुझी जाऊ चुना आखतेय. ती म्हणाली, "तुम्हाला उद्योग नाही." हिचाही मला हल्ली भरवसा वाटत नाही. संध्याकाळी दोघी ओट्यावर बसून दिव्यांकडे बघत असतात. मी गेलो की बोलणं थांबतं.

एक गोष्ट सांगतो, कोणाला सांगू नकोस. गेल्या आठवड्यात ती कामावर गेल्यावर मी चार दिव्यांच्या काचेवर ओली माती फासली. संध्याकाळी ते लागले नाहीत. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. साडेसातला ती अंबरनाथहून आली, हातातली पिशवी तशीच धरून वाटेवर उभी राहिली. भांडली असती तर मी तयार होतो. दोन वाक्यं जुळवूनसुद्धा ठेवली होती. पण तिने पदराने एकेक काच पुसली आणि घरात गेली. रात्री मला जेवण गेलं नाही. वृंदाला सांगितलं, पित्त झालंय.

ताई, तू मागे एकदा म्हणाली होतीस, अंगण तिरकं का दिसतं रे? फणसाकडे निमुळतं आणि रस्त्याकडे रुंद. मी म्हटलं होतं, तुझा चष्मा बदल. ते मनावर घेतलं नाहीस ना?

तुझा,
शिवराम


बदलापूर गाव,
२९ डिसेंबर २०२५

ती. ताई,

नमस्कार. आज खुशाली लिहीत नाही, आधी काल काय झालं ते लिहितो.

काल रविवार. सकाळी किर्ती आमच्या दारात आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. वृंदा पाणी भरत होती, मी पेपर तोंडासमोर धरला. तर ती वृंदाशी नाही, माझ्याशीच बोलली.

"भाऊजी, एक विचारायचं होतं. माझ्या अंगणात आता ऊनच येत नाही. टॉवरची सावली दिवाळीपासून पुढे सरकत आलीय. मी दर रविवारी दिवे उन्हात नेऊन लावते, आठवडाभराने तिथेही सावली येते. आता जे काय ऊन उरलंय ते तुमच्या हद्दीत, एवढुसंच. संक्रांतीनंतर सावली मागे जाईल. तोपर्यंत दिवे तुमच्या बाजूला लावू का? मग मी काढून घेईन, नक्की."

चुन्याची रेघ सावलीची होती, ताई. ती भर दुपारी सावली कुठवर येते ते आखत होती. टाइमकीपर मी, आणि तीस वर्षं भोंग्यावर वेळ पाहून माणसं पकडली, पण समोरच्या अंगणात सूर्य दक्षिणेला चाललाय आणि सावली आमच्याकडे लांबतेय हे मला दिसलं नाही. मला दिसत होतं फक्त कोण काय उपटतंय.

मी उगाच म्हटलं, "एवढे कशाला पाहिजेत दिवे? वाटेवर एक बल्ब पुरे."

ती म्हणाली, "मी सहाला निघते तेव्हा अंधार, येते तेव्हा अंधार. रविवार सोडला तर बाग मला उजेडात दिसतच नाही भाऊजी. ह्यांनी लावलेला चाफा आहे, कर्दळ आहे. दिवे असले की आल्यावर एकदा डोळे भरून बघते. मग भाकऱ्या टाकायला बळ येतं."

वृंदा बादली ठेवून म्हणाली, "लाव गं. विचारायचं काय त्यात." मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तिने दिवे आणले. हद्दीच्या दगडापासून आमच्या बाजूला दीड हातावर पहिला दिवा खोचला. खुंटी आत जाईना. तिने ती उपटून पाहिली, तर टोक काळं झालेलं. बोटाने चोळून पाहिलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "भाऊजी, इथे पूर्वी चूल होती का?"

मी म्हणालो, "हो. होती."

तिने खुंटी पदराला पुसली, पुन्हा तिथेच दाबून बसवली आणि तिथून फणसापर्यंत ओळीने बाकीचे लावत गेली.

ताई, तुला कळलं असेल. तुला बहुतेक भाऊबीजेलाच कळलं होतं, किंवा वीस वर्षांपूर्वीच. पण मी आजवर तोंडाने म्हटलं नाही, तर आता लिहितो. पुराने कुंपण नेलं, दगड नेला नव्हता. दगड जिथल्या तिथे होता. रघू लेप्टोच्या तापाने अकरा दिवस दवाखान्यात पडला होता, ही नवी नवरी, उशाशी बसून. मी नवीन स्कूटर घेतली होती आणि ती वळवायला जागा पुरत नव्हती. मी पहार घेऊन दगड उचकटला आणि दीड हात त्यांच्याकडे नेऊन बसवला. फक्त स्कूटर वळवायला, ताई. ती स्कूटर पुढे सहा वर्षांत भंगारात गेली. कोळसा काढायचं धाडस झालं नाही, आबांनी ठेवलेला होता म्हणून. तो तसाच राहिला आणि मी वीस वर्षं त्याच्यावरून ये-जा केली. तिचे दिवे सरकलेले मला का दिसले, हे आता कळतंय. ज्याने स्वतः दगड सरकवला, त्याला दुसरं काय दिसणार?

काल संध्याकाळी दिवे लागले. ओट्यावर बसलो होतो. बारा दिवे एका सरळ ओळीत, पहिला कोळशावर, शेवटचा फणसाशी. आबांनी दोरी धरली होती तश्शी रेघ. अंगण तिरकं दिसत नव्हतं. मला तिथे बसवेना. लाज वाटली, फार लाज वाटली.

किर्तीला मी अजून सांगितलेलं नाही. संक्रांतीला तू ये, तुझ्यासमोर सांगेन. एकट्याने सांगायचा धीर होत नाही.

ताजा कलम. पत्र पाकिटात घातलं होतं, परत उघडलं.

तू येईपर्यंत थांबायला जमलं नाही. आज ती कामावरून आली आणि वाकून तो पहिला दिवा बघत होती, तेव्हा गेलो आणि म्हणालो, "किर्ती, इथे चूल नव्हती."

ती उभी राहिली. म्हणाली, "माहीत आहे भाऊजी."

मी म्हटलं, कोणी सांगितलं, ताईने का?

"ह्यांनी. दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी रिक्षातून उतरले आणि दगडाकडे बघत थांबले. मी म्हटलं, चक्कर येतेय का? तर हसले. म्हणाले, दादाला स्कूटर वळवायला जागा पाहिजे होती वाटतं. मागितली असती तर दोन हात दिली असती. मग मला म्हणाले, तू यातलं काही बोलू नकोस, त्याचा तो सांगेल."

रघू त्यानंतर सतरा वर्षं जगला, ताई. रोज त्या दगडापाशी उभा राहून माझ्याशी बोलायचा. पाऊसपाणी, मॅच, तुझ्या गावची खबर. वाट बघत होता, आणि मी समजत होतो त्याला काही कळलं नाही.

मी किर्तीला म्हणालो, दिवे काढायचे नाहीत, संक्रांतीनंतरही नाहीत. ती तुझी जागा आहे. पहार मी काढून ठेवलीय, दगड ताई आल्यावर तिच्या हाताने मूळ जागी बसवायचा. ती म्हणाली, "काचेवर कोणी माती फासली होती तेही माहीत आहे," आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आली.

बारा दिव्यांतला पहिला नेमका कोळशावरच कसा गेला, तिने मुद्दाम तिथे खोचला का, हे मला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. यापुढेही विचारणार नाही.

लवकर ये.

रघूचा दादा,
शिवराम