विरघळण्याचा तास

२ मार्च १९११
आजपासून रोजनिशी. मत्सरावर ताबा मिळवायचा. तसा तो मला नाहीच. दिवाळीनंतर आमच्या शाळेत फक्रुद्दीन मास्तर आला आणि पोरं सायन्स सायन्स करत त्याच्यामागं पळायला लागली, याचं मला काहीएक वाटत नाही.

हेडमास्तर म्हणाले, इन्स्पेक्टरसाहेब येणार. दोघांनीही ‘विरघळणे’ हा धडा शिकवून दाखवायचा. ज्याचा चांगला, त्याला सायन्सचा तास कायमचा. म्हणजे मला.

४ मार्च
फक्रुद्दीनच्या वर्गाबाहेर सहज उभा होतो. तास संपेपर्यंत. एका ग्लासात गार पाणी आणि गुळाचा अख्खा खडा. दुसऱ्यात तेवढाच गूळ, पण चुरून. तिसऱ्यात चुरा, कोमट पाणी आणि वर ढवळणं. आधी कुठला विरघळेल? तिसरा, हे कुणीही सांगेल. शेवटी सगळं पाणी पोरांनाच पाजलं. असली लाच दिल्यावर कोण शिकणार नाही?

५ मार्च
कुटुंबाला या प्रकारातला थिल्लरपणा समजावून सांगितला. ती म्हणाली, “चुरल्यावर पाण्याला चारी बाजूंनी शिरायला मिळतं. चांगलं सांगत्यात की मास्तर.”

जेवलो नाही. मग जेवलो.

९ मार्च
माझा बेत: मीठ. गुळानं पाण्याला रंग येतो, मिठाचा पत्ताच लागत नाही. मीठ घालत राहायचं, ढवळत राहायचं. पाण्याचं पोट भरलं की मीठ तळाशी बसतं. वरचं निवळ पाणी सासऱ्यांनी दिलेल्या चांदीच्या पेल्यात ओतायचं. पोरांना विचारायचं, यात काय हाय? म्हणतील, नुसतं पाणी. मग चाखवायचं. विरघळणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे, बारीक कण होऊन सगळीकडं पसरणं! फक्रुद्दीनला सात जन्मांत सुचायचं नाही.

१३ मार्च, सकाळ
पेला टेबलावर तयार. मीठ मी सढळ हातानं घातलंय. नवीन पगडी.

१३ मार्च, संध्याकाळ
साहेब टांग्यातून उतरले ते घामाघूम. पावण्याला आधी गूळ-पाणी, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. बघतो तर फक्रुद्दीन तांब्या आणि गुळाची ताटली घेऊन निघालेला. साहेबांच्या हातात पहिलं पाणी याचं? डोक्यात तिडीक गेली. त्याच्याच ताटलीतला गुळाचा खडा उचलला, टेबलावरचा पेला उचलला आणि पळत जाऊन साहेबांना दिला.

साहेबांना तहान फार होती. एका दमात अर्धा पेला गेला. बाकीचा त्यांच्या कोटावर आणि माझ्या पगडीवर आला. मग फक्रुद्दीनचा तांब्या लागलाच.

शास्त्राच्या दृष्टीनं प्रयोग यशस्वी.

१५ मार्च
सायन्सचा तास फक्रुद्दीनला. मला शुद्धलेखन. राजकारण, दुसरं काय. जळफळाट अजिबात नाही. मोकळ्या वेळात त्याच्या वर्गात मागं बसायचं ठरवलंय, निव्वळ चुका काढायला. हेडमास्तरांना पुराव्यानिशी दाखवीन.

२१ मार्च
बसलो. चूक अजून सापडली नाही, सापडेल. फक्रुद्दीन मास्तरांनी विचारलं, मिठाचं पाणी उन्हात ठेवलं तर पाण्याबरोबर मीठ पण उडून जाईल का? मला येत होतं. पाण्याची वाफ होते, मीठ मागं राहतं. हात वर केला. चांगला उंच केला.

त्यांनी पुढच्या बाकावरच्या कृष्णातला विचारलं.