शेजारच्या प्लॉटवर नलू

३ ऑगस्ट
सोसायटीच्या शेजारी मोकळा प्लॉट. राडारोडा, कचरा, कुत्री. वरच्या मजल्यावरची मृण्मयी (आयटीत, अमरावतीची, बोलते फार) मालकांना भेटून आली. भाजी लावायला त्यांची हरकत नाही. "काका, तुम्ही आणि काकू याच." म्हटलं, आम्हाला कुंडीतली तुळस जगवता आली नाही. तरी तिने नाव घातलंच.
नलू दिवसभर विचारत होती, घरी कधी जायचं. घर म्हणजे कसबा पेठ. डॉक्टर म्हणाले होते, या विसरण्याच्या आजारात नवी जागा मनात बसत नाही. खराडीतलं हे घर अजून बसलेलं नाही.

१७ ऑगस्ट
दगड वेचले. कंबर गेली. मालक बबनराव आले होते. सत्तरीच्या पुढचे, पांढरी टोपी. इथे त्यांची ज्वारी असायची. "बांधकाम सुरू हुईस्तोवर करा काय करायचं ते."
नलू खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघत होती. घरी चला म्हणाली नाही. नवल.

९ सप्टें.
दुधाची पिशवी आणायला खाली गेलो, दार नुसतं ओढून. परत येतो तर नलू नाही. मेन रोडपर्यंत धावलो. रिक्षावाल्यांना विचारलं. कसब्यात जायला निघाली असेल, स्वारगेटच्या बसमध्ये बसली असेल, नाही नाही ते. तेवढ्यात मृण्मयीचा फोन, "काका, काकू प्लॉटवर आहेत. सावकाश या."
अनवाणी, मातीत बसून गवत उपटत होती. शेजारी बबनराव. मी उठवायला गेलो तर म्हणाले, "बसू द्या. बाई कुटं जात न्हाईत. मी हाय की."
मला रडू आवरेना. मृण्मयी पाठ फिरवून उभी राहिली. शहाणी पोरगी.

१४ सप्टें.
कुणी ठरवलं नाही, पण पाळ्या लागल्यासारखं झालंय. संध्याकाळी नलूजवळ कुणी ना कुणी असतंच. तिसऱ्या मजल्यावरच्या देवधरबाई आजवर लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून हसल्या नव्हत्या. त्या आता वाफ्याच्या कडेला बसून नलूची वेणी घालतात. मी घरी जाऊन निवांत दाढी केली. चैन.

१२ ऑक्टो.
मेथी निघाली. नलू जुड्या बांधते. हात काही विसरलेले नाहीत. मी समोर जाऊन बसलो, तर अगदी अदबीने विचारलं, "आपल्या घरी कोण कोण असतं?"
क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.
म्हटलं, "बायको असते."
तिने दोन मुठी एकत्र करून मोठी जुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "त्यांना द्या. कोवळी आहे म्हणावं."
घरी आणली, परतली, तिच्याच ताटात वाढली. छान झालीय म्हणाली.

८ नोव्हें.
मोजणीवाले येऊन गेले. वाफ्यांवरून फक्कीच्या पांढऱ्या रेघा. बबनरावांच्या मुलांनी बिल्डरला होकार दिलाय. मृण्मयी म्हणाली, "गच्चीवर नेऊ ना सगळं." सगळ्यांनी माना हलवल्या. नलू आपली आपण चालत प्लॉटवर जाते. गच्चीची नवी वाट तिच्या मनात कशी बसेल, हे कुणी बोललं नाही. मीही नाही.

१० नोव्हें.
बबनराव दुपारी सरळ घरी आले. चहा नको म्हणाले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग, "पोरांच्या सह्या झाल्यात. माझी राह्यलीय."
नलू आतून आली. "जेवूनच जा. आमच्याकडे काही विशेष नसतं."
जेवले. पिठलं-भात. निघताना पायात चपला घालत, खाली बघतच म्हणाले, "सोमवारी पोरं येत्यात रानात. समदी बसून बोलू. बाईंनाबी आणा."
काय होणार, ते त्यांनाही माहीत नसावं. मृण्मयीने सुट्टी टाकली. देवधरबाई पोहे करणार आहेत.
कपाट उघडून नलूला विचारलं, सोमवारी कोणती साडी नेसतेस?
"कुणाकडे जायचंय?"
शेजारी, म्हटलं.